मापनाचा मागोवा: काटा, कापूस आणि गोदावरीचे पाणी

मापनाचा मागोवा, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ज्याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, तो मोजून आलेल्या आकड्याचा गुण आहे. आकडा ज्या यंत्राने मिळाला ते यंत्र कशाशी ताडले होते, ते मानक पुढे कशाशी ताडले होते, असे विचारत विचारत राष्ट्रीय मानकापर्यंत आणि तिथून एककाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येपर्यंत पोचता आले पाहिजे. वाटेत एकही कडी गळता कामा नये. प्रत्येक कडीची लेखी नोंद हवी, आणि त्या कडीने किती अनिश्चितता वाढवली तेही लिहिलेले हवे. या अटींपैकी शेवटची सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. तिच्यावाचून बाकीच्या अटी निरुपयोगी ठरतात, कारण किती चूक संभवते हे न सांगणाऱ्या आकड्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी करता येत नाही.

अंशशोधन म्हणजे यंत्र दुरुस्त करणे, असा समज मोजमापाच्या धंद्यात असलेल्या लोकांतही आढळतो. अंशशोधनात ज्ञात मूल्याचे मानक यंत्रापुढे ठेवतात, यंत्र काय दाखवते ते टिपतात, दोहोंतला फरक आणि त्या फरकाची अनिश्चितता लिहितात. यंत्राला हात लावून तो फरक कमी केला की ते समायोजन झाले, आणि त्यानंतर अंशशोधन पुन्हा करावे लागते. यंत्र कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहून शिक्का मारणे हे तिसरे काम, म्हणजे पडताळणी. बाजारात तिला काटा पासिंग म्हणतात. शिक्का असलेला काटा चुकतच नाही असे नाही, त्याची चूक मर्यादेत असते इतकेच. तसेच अंशशोधनाचे प्रमाणपत्र असलेला तापमापक दोन अंशांनी चुकीचा असू शकतो. तो दोन अंशांनी चुकतो हे माहीत असल्यामुळे वाचनात दुरुस्ती करता येते, हाच त्या प्रमाणपत्राचा उपयोग. प्रमाणपत्र फायलीत लावायचे आणि वाचन मात्र जसेच्या तसे उतरवायचे, ही रीत सर्वत्र रुळली आहे. अशा वाचनांचा मागोवा फायलीपाशीच तुटतो.

तेलंगणातल्या निर्मलमध्ये हा विषय मांडण्याला विशेष औचित्य आहे. निर्मल, भैंसा, मुधोळ, बासर हा टापू आणि आजच्या सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले धर्माबाद, बिलोली, किनवट हे तालुके १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट तर आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि इथे सीमा पडली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला वजने व मापे यांचे मानक ठरवणारा केंद्रीय कायदा मंजूर झाला. इथली गोदावरी दोन राज्यांची झाली त्याच सुमारास किलोग्रॅम आणि मीटर साऱ्या देशाचे झाले. तोवर शेर आणि पायली बाजारागणिक बदलत होत्या. आता सीमेच्या दोन्ही बाजूंचे वजन एकाच मुळाशी बांधले गेले.

ते मूळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. या प्रयोगशाळेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंनी केली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पॅरिसमध्ये २० मे १८७५ रोजी झालेल्या मीटर करारात भारत १९५७ मध्ये सामील झाला. प्लॅटिनम व इरिडियमच्या मिश्रधातूचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम हा भारताचा राष्ट्रीय नमुना होय. फ्रान्समधल्या मूळ किलोग्रॅमशी तो ठरावीक काळाने ताडून आणावा लागे. पण मूळ नमुना आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेल्याचे दिसून आले, आणि व्याख्येनुसार मूळ नमुना चुकू शकतच नसल्याने बदल नेमका कशात झाला हे सांगण्याची सोय उरली नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर उभी आहे. त्याचे मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असे कायमचे ठरवून दिले आहे. मीटर तर १९८३ पासूनच प्रकाशाच्या वेगावर, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या संख्येवर, आधारलेला आहे. त्यामुळे मागोव्याचे वरचे टोक आता कोणत्याही धातूच्या तुकड्यात अडकलेले नाही.

लांबीला पक्के मूळ देण्याची गरज आपल्याकडे आधीही जाणवली होती. शिवकालीन जमीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा आणि हात व मूठ मिळून काठी ब्याऐंशी तसूंची, असा तपशील सभासदाच्या बखरीत येतो. हात माणसागणिक वेगळा असतो. तसूंची संख्या बांधून दिली की मोजणाऱ्याच्या अंगलटीवर माप अवलंबून राहत नाही. पुढची पायरी म्हणजे तसूचा मूळ नमुना एका जागी ठेवून गावोगावच्या काठ्या त्याच्याशी नियमाने ताडणे. तशी पायरी नोंदीनिशी पार पडल्याचे या भागातले ठळक उदाहरण विल्यम लॅम्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात सापडते.

लॅम्टनकडे शंभर फुटी पोलादी साखळ्या होत्या. एक जमिनीवर अंथरून मोजणी करण्यासाठी, दुसरी केवळ पहिलीशी ताडून पाहण्यासाठी. कामाचे माप आणि संदर्भाचे माप वेगळे ठेवायचे, संदर्भाच्या मापाने रोजचे काम कधीही करायचे नाही, हा प्रत्येक अंशशोधन प्रयोगशाळेचा नियम आजही तोच आहे. पोलाद तापले की लांबते. शंभर फुटी साखळी एका सेल्सिअस अंशाला सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढते. दहा किलोमीटरच्या पायारेषेवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या त्रिकोणांची जी बाजू प्रत्यक्ष मोजतात तिच्यावर, तापमान दहा अंशांनी चुकीचे धरले तर लांबीत एक मीटरहून अधिक चूक येईल. बीदरजवळची पायारेषा लॅम्टनने १८१५ मध्ये साखळीने मोजली; १८४१ मध्ये ती पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्यांनी, ज्यांत दोन धातूंचे प्रसरण एकमेकांना छेद देते, पुन्हा मोजली गेली. हैदराबादहून नागपूरला जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला लॅम्टनचा मृत्यू झाला.

या सर्वेक्षणाचा वारसा म्हणून भारतीय फूट नावाचे एकक मागे राहिले, आणि मागोव्याच्या अभ्यासात त्याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. सर्वेक्षणाच्या मानकपट्टीवरून आलेला हा फूट मीटरमध्ये किती, याची उत्तरे कालांतराने बदलत गेली. १९३७ च्या मूल्यानुसार तो ०.३०४७९८४१ मीटर, १९६२ च्या मूल्यानुसार ०.३०४७९९६, १९७५ च्या मूल्यानुसार ०.३०४७९९५. आज सर्वत्र वापरात असलेला फूट बरोबर ०.३०४८ मीटरचा आहे. पहिल्या आणि शेवटच्या भारतीय मूल्यांतला फरक हजार किलोमीटरवर साडेतीन मीटरहून जास्त भरतो. जुने नकाशे नव्या निर्देशांकांत बदलताना कोणत्या वर्षाचा फूट वापरला हे लिहिलेले नसेल तर हा फरक कुठे मुरला ते शोधता येत नाही.

वजनाची साखळी या मानाने सुस्थितीत आहे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडून प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांकडे, तिथून राज्याच्या दुय्यम मानकांकडे, पुढे वैधमापन निरीक्षकाच्या कार्यकारी मानकांकडे आणि शेवटी दुकानातल्या काट्याकडे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला तरी पायऱ्या त्याच राहिल्या. वजनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एक किलोग्रॅमच्या ई-२ वर्गाच्या वजनाला १.६ मिलिग्रॅम, एफ-१ ला ५, एफ-२ ला १६ आणि एम-१ ला ५० मिलिग्रॅम चूक चालते. प्रत्येक पायरीला मर्यादा साधारण तिपटीने सैल होते, म्हणजे तपासणाऱ्याचे वजन तपासल्या जाणाऱ्या वजनापेक्षा निदान तिपटीने विश्वसनीय असते. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा आणि साध्या वजनांची दोन वर्षांतून एकदा व्हावी लागते.

इलेक्ट्रॉनिक काट्याची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो. लोडसेलचा काटा भार मोजतो, आणि भार त्या जागच्या गुरुत्वत्वरणावर अवलंबून असतो. दिल्ली २८.६ अक्षांशावर, निर्मल १९.१ अक्षांशावर आणि दिल्लीपेक्षा उंच. अक्षांश व उंचीच्या सूत्राने हिशेब केला तर दिल्लीत जुळवलेला काटा निर्मलला आणून तसाच वापरल्यास शंभर किलोमागे सुमारे ६५ ते ७० ग्रॅम कमी दाखवील. भुईकाट्यावर कापसाची दहा टनांची गाडी आली तर हा फरक सहा-सात किलोंचा होतो. म्हणून काटा जिथे बसवायचा तिथेच प्रमाणित वजनांनी जुळवावा आणि हलवला की पुन्हा जुळवावा. कारखान्यातून आलेले प्रमाणपत्र कारखान्यातल्या जागेपुरते असते.

भैंसा आणि आदिलाबादच्या बाजार समित्यांत दर हंगामात वाद पेटतो तो वजनावरून कमी आणि ओलाव्यावरून जास्त. भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाची खरेदी ८ टक्के ओलावा धरून असते. ओलावा ८ च्या वर गेला की प्रत्येक टक्क्यामागे भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की माल घेतलाच जात नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे एका टक्क्याची किंमत क्विंटलमागे सुमारे ७५ रुपये. वीस क्विंटल कापूस आणलेल्या शेतकऱ्याला ओलावामापकाची एका टक्क्याची चूक दीड हजाराला पडते. आणि खरा ओलावा साडेअकरा असताना यंत्राने साडेबारा दाखवला तर गाडी फिरवून खासगी व्यापाऱ्याच्या दारात नेण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग राहत नाही.

या ओलाव्याचा मागोवा कुठवर जातो, ते पाहू लागले की साखळी फार लवकर तुटलेली दिसते. बाजारातला ओलावामापक ओलावा थेट मोजत नाही. तो कापसातून विजेला होणारा विरोध मोजतो आणि आत साठवलेल्या कोष्टकावरून टक्केवारी दाखवतो. ते कोष्टक ज्या पद्धतीवर बेतायचे ती मूळ पद्धत साधी आणि सावकाश आहे: नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. या पद्धतीत ओलावा वस्तुमान आणि तापमान या दोन राशींशी बांधला जातो आणि दोहोंचा मागोवा दिल्लीपर्यंत लागतो. यंत्राचा मागोवा लागायचा तर भट्टीत तपासलेले, वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुने त्याच यंत्रावर लावून फरक नोंदवले पाहिजेत. यंत्रासोबत येणारा तपासणीचा ठोकळा ठरावीक विद्युतरोध दाखवतो. यंत्राचा विद्युत भाग ठीक आहे एवढेच त्याने कळते. कोष्टक इथल्या कापसाला लागू पडते की नाही हे कळत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. ओलावा दोन तऱ्हांनी सांगता येतो: ओल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात किंवा कोरड्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात. रुईच्या व्यापारात दुसरी तऱ्हा चालते आणि तिथे ८.५ टक्के हा आकडा प्रमाण मानतात. तोच माल पहिल्या तऱ्हेने सांगितला तर ओलावा ७.८ टक्के होतो. कोणत्या तऱ्हेचा आकडा ते न सांगता दोन यंत्रे शेजारी ठेवली तर यंत्रे निर्दोष असूनही पाऊण टक्क्याच्या आसपास फरक येणारच. शिवाय बाजारात येतो तो सरकीसकट कापूस, आणि सरकीचा ओलावा धाग्याच्या ओलाव्याहून वेगळा असतो. गाडीच्या वरच्या थरात हात घालून काढलेला कापूस आणि तळाशी दबलेला, पहाटेच्या दवात भिजलेला कापूस यांचे वाचन सारखे येत नाही. नमुना कुठून, किती आणि किती दाबून घ्यायचा हे ठरलेले नसेल तर उत्तम यंत्राचाही आकडा गाडीबद्दल काही सांगत नाही, फक्त त्या मूठभर कापसाबद्दल सांगतो. बाजार समितीने आवारातच एक भट्टी आणि एक चांगला तराजू ठेवावा, वादाचा नमुना त्यात वाळवावा आणि हंगामाच्या सुरुवातीला सगळी यंत्रे याच भट्टीशी ताडून फरकांचा तक्ता भिंतीवर लावावा. एवढ्याने शेतकऱ्याचे जितके नुकसान टळेल तितके नवी महाग यंत्रे आणून टळणार नाही.

गोदावरीच्या पाण्याचे मापन या सर्वांत अवघड. त्र्यंबकेश्वरला उगम पावून पैठण, नांदेड असा प्रवास करत नदी धर्माबाद तालुक्यातल्या बाभळीच्या बंधाऱ्यापाशी येते आणि सीमा ओलांडून श्रीरामसागर म्हणजे पोचमपाडच्या जलाशयात शिरते. या धरणाची पायाभरणी २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी केली. त्याच्या डाव्या बाजूचा सरस्वती कालवा निर्मलच्या शेतांना पाणी देतो. दोन राज्यांतल्या ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार पैठण ते पोचमपाड या टप्प्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी, म्हणजे ६० अब्ज घनफूट, पाणी वापरता येते. बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. बंधाऱ्याचा वापर २.७४ टीएमसीपुरता, त्यातले ०.६ टीएमसी पोचमपाडच्या जलाशयाशी सामाईक. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. आणि या सगळ्यावर केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांच्या प्रत्येकी एका प्रतिनिधीची समिती.

न्यायालयाने आकडे दिले. ते मोजायचे कसे, हा प्रश्न मापनशास्त्राचा आहे. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर, तेव्हा ०.६ टीएमसी म्हणजे सुमारे १७ दशलक्ष घनमीटर. श्रीरामसागर पूर्ण भरला असता पाणपसारा साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास असतो. १७ दशलक्ष घनमीटर पाणी एवढ्या पसाऱ्यावर पसरले तर पातळी चार सेंटिमीटरपेक्षाही कमी चढते. वाऱ्याने एका काठाला पाणी लोटले तरी पातळीत तेवढा फरक पडू शकतो. धरणाची पूर्ण पातळी १,०९१ फूट. मीटरमध्ये ती ३३२.५३६८ येते आणि कागदोपत्री ३३२.५४ लिहितात. या तीन मिलिमीटरच्या पूर्णांकनाचे पाणी पूर्ण पाणपसाऱ्यावर ०.०५ टीएमसी होते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. फुटाचे मूल्य कोणत्या वर्षाचे हा इथे प्रश्नच नाही, कारण त्याने पडणारा फरक टीएमसीच्या शंभराव्या भागात जातो, पूर्णांकनाच्या फरकाहूनही कमी. आणि ०.६ टीएमसीचा हिशेब श्रीरामसागरच्या पातळीवरून करणे शास्त्राला धरून नाही, मार्चमध्ये पाणपसारा बराच आक्रसलेला असला तरीही. तो बाभळीच्या अरुंद साठ्यातच करायला हवा. तिथे तेवढ्याच पाण्याने पातळी कितीतरी जास्त हलते आणि सेंटिमीटरची चूक तुलनेने क्षुल्लक ठरते.

पातळीची साखळी लांबीच्या साखळीपेक्षा वेगळी आहे. गेजपट्टीवरचे सेंटिमीटर मीटरच्या मानकाशी सहज बांधता येतात. त्या पट्टीचा शून्य किती उंचीवर आहे हे मात्र जवळच्या बेंचमार्कवरून लेव्हल लावून आणावे लागते, आणि बेंचमार्कची उंची सर्वेक्षण विभागाच्या जाळ्यातून समुद्राच्या सरासरी पातळीपर्यंत जाते. भारताच्या उंचीचे जाळे १९०९ मध्ये किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी समुद्राची सरासरी पातळी शून्य धरून जुळवले गेले. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या पातळ्या नेमक्या सारख्या नसतात हे पुढे स्पष्ट झाले. दोन राज्यांचे गेज वेगवेगळ्या बेंचमार्कवरून आणलेले असतील तर दोघांचीही कागदपत्रे बिनचूक असून शून्यांत काही सेंटिमीटरचा फरक असू शकतो. बाभळी ते श्रीरामसागर एकच सलग लेव्हलिंग, जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी मिळून केले तर हा फरक कायमचा कळेल. पुरात वाहून आलेल्या ओंडक्याने गेजपट्टी हलणे ही नित्याची गोष्ट आहे, म्हणून शून्याची तपासणी प्रत्येक पावसाळ्यानंतर करावी लागते.

पातळी अचूक मिळाली तरी तिच्यावरून साठा काढायला क्षमतेचे कोष्टक लागते, आणि या साखळीतली सर्वांत झिजणारी कडी तीच. श्रीरामसागरची पूर्ण पातळीपर्यंतची क्षमता मूळ आराखड्यात ११२ टीएमसी होती. गाळाच्या पाहणीनंतर ती सुमारे ९०.३ धरली गेली आणि त्यानंतरच्या पाहणीनंतर ८०.५. पातळी तीच, १,०९१ फूट. गेजही तोच. पण त्या पातळीचा अर्थ ३१ टीएमसीहून अधिक बदलला, म्हणजे बाभळीच्या सबंध २.७४ टीएमसीच्या अकरा पटींहून जास्त. जलाशयाची पाहणी म्हणजे जलाशयाचे अंशशोधनच होय. ते कोणत्या वर्षी झाले, कोणत्या रीतीने झाले आणि त्याची अनिश्चितता किती, हे रोजच्या साठ्याच्या पत्रकावर छापलेले असायला हवे. दशांशानंतर तीन अंक देणाऱ्या पत्रकात हा तपशील नसेल तर त्या तीन अंकांना आधार नाही.

वाहत्या पाण्याचे मापन वेगाच्या आधारे होते. नदीचा काटछेद भागांत वाटून प्रत्येक भागात करंट मीटरने वेग घेतात आणि क्षेत्रफळाने गुणून बेरीज करतात. करंट मीटर फक्त पात्याचे फेरे मोजतो; फेऱ्यांवरून वेग काढायचे समीकरण अंशशोधनातून मिळते. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, स्थिर पाण्याच्या लांब टाकीवरून ट्रॉली ठरावीक वेगाने ओढतात आणि तिला लावलेला करंट मीटर किती फेरे देतो ते पाहतात. ट्रॉलीचा वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, म्हणून नदीच्या वेगाचा मागोवा इथे मीटर आणि सेकंद यांना जाऊन मिळतो. सेकंद १९६७ पासून सीझियमच्या अणूतल्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बांधलेला आहे. टाकीतली ही कडी भक्कम आहे. नदीत मात्र पात्र खरवडले जाते, प्रवाह तिरपा येतो, पाणी चढत-उतरत असते, आणि एकूण विसर्गातली अनिश्चितता चांगल्या परिस्थितीतही काही टक्क्यांवर जाते. कारखान्यातल्या अभियंत्याला हा आकडा ओशाळवाणा वाटेल. नदीसाठी तो प्रामाणिक आहे, आणि तो लपवणारा अहवाल दोन राज्यांच्या समितीपुढे ठेवण्यालायक नाही.

अंशशोधन ज्या पल्ल्यात झाले त्याच पल्ल्यात लागू असते. निर्मल जिल्ह्यातल्या कडेम धरणावर जुलै २०२२ मध्ये पूर आला तेव्हा येणारे पाणी दरवाजांच्या विसर्गक्षमतेच्या कितीतरी वर गेले. अशा वेळी पातळी आणि विसर्ग यांचा आलेख पूर्वी प्रत्यक्ष मोजलेल्या बिंदूंपलीकडे ताणावा लागतो, आणि ताणलेल्या भागातून आलेला आकडा हा अंदाज असतो. वर्तमानपत्रात तो लाखांत छापला जातो, पुढे धरणसुरक्षेच्या हिशेबात शिरतो आणि मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी बसतो. नोंदवहीत अशा आकड्यापुढे तो ताणलेल्या आलेखातून आला असल्याची खूण हवी.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतात की नाही हे ठरवण्याची रीत ठरलेली आहे. दोघींनी एकच वस्तू मोजायची, आकड्यांतला फरक काढायचा, आणि दोघींच्या विस्तारित अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने त्याला भागायचे. भागाकार एकच्या आत आला तर आकडे जुळले. एकच्या वर गेला तर कोणा एकाची अनिश्चितता कमी सांगितलेली आहे किंवा कुठेतरी चूक आहे. हीच रीत बाभळीला १ मार्चला लागू करता येते. दोन्ही राज्यांच्या चमूंनी सोडलेले पाणी स्वतंत्रपणे मोजावे, आकडे उघडण्याआधी आपापली अनिश्चितता लिहून बंद पाकिटात द्यावी आणि समितीने भागाकार काढावा. तो दोनदा-तीनदा एकच्या आत आला की पुढच्या वर्षांत एकाच चमूने मोजले तरी चालेल.

पुढचे अंशशोधन केव्हा करायचे याचे उत्तर आधीच्या अंशशोधनांतून मिळते. सलग तीन प्रमाणपत्रांत यंत्र जवळजवळ हलले नसेल तर मुदत वाढवता येते. प्रत्येक वेळी एकाच दिशेने सरकत असेल तर कमी करावी लागते. त्यासाठी जुनी प्रमाणपत्रे जपावी लागतात, आणि समायोजनाआधीचे वाचन नोंदवावे लागते. बहुतेक ठिकाणी समायोजनानंतरचे नीटनेटके वाचन तेवढे लिहितात आणि यंत्र किती सरकले होते ही माहिती तिथेच पुसली जाते. यंत्र मर्यादेबाहेर आढळले तर मागच्या अंशशोधनापासून त्या दिवसापर्यंत त्याने दिलेली सर्व वाचने तपासणीखाली येतात: कापसाच्या हंगामात त्या ओलावामापकाने परत पाठवलेल्या गाड्या, त्या भुईकाट्याच्या पावत्या, त्या गेजवरून लिहिलेली साठ्याची पत्रके. वाचन कोणत्या क्रमांकाच्या यंत्राने घेतले हे पावतीवर आणि पत्रकावर लिहिलेले असेल तरच ती वेगळी काढता येतात.